गुडघ्याएवढं इंजिन

आमच्या मालकांना बोरीत बन्सीधर मिस्त्री म्हणतात. लेथवर पंपाचे शाफ्ट करता करता त्यांनी वाफेवर चालणारं इंजिन बनवलं. गुडघ्याएवढं, मागं मोठी चाकं, पुढं बारकी, वर धुराडं. विलायतेत असली इंजिनं नांगर ओढायची म्हणे, मोबाइलवर बघितली आणि माणूस नादावला. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचे तुकडे पेटवले की खरंच चालायचं. गाव हसायचं. मीही.

मागच्या वर्षी पोळ्याला त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात धड आहे, पण मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहतो. घास भरवला की गिळतात. मला ओळखतात का, ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा. मी बोलत राहिले. भाजी, ऊन, शेजारणीची म्हैस. पुढं पुढं माझं मलाच ऐकू येईना. रडूही येत नाही आता. दळण आणते, धुणं धुते. एकच वाटतं, एकदा मला काहीतरी म्हणावं. काहीही.

यंदा दसऱ्याला धाकटा दीर परमेश्वर सोनपेठहून आला. त्यानं इंजिन पुसलं, पाणी भरलं, हळदकुंकू वाहिलं.

"वैनी, पेटवू का? दादा बगतील तरी."

"पेटव बाबा. तेवढंच ऱ्हायलंय."

मालकांना खुर्चीसकट अंगणात इंजिनाजवळ आणलं. परमेश्वरानं पूजेचा लाल नाडा दिसेल तिथं गुंडाळला, वरच्या पितळी टोपीलाही. कुकरच्या शिट्टीसारखी ती टोपी, वाफ जास्त झाली की उचलली जाणारी. तीच आवळून बांधली गेली, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही.

वाफ झाली. जोर दाखवणारा काटा लाल रेघेला टेकला, मग पलीकडं गेला.

"लय जोर धरायलाय बगा वैनी!" परमेश्वर खूश.

खुर्ची करकरली. मालक पुढं कोसळल्यासारखे वाकले, डाव्या हातानं नाडा धरला आणि तोडला. फस्स करून वाफ उडाली.

"गाढवा!" बोबडं, पण स्वच्छ. "टोपी बांदतो?"

"दादा बोलले!" परमेश्वर रडत होता, हसत होता, त्यांचे पाय धरत होता. "वैनी, मला गाढव म्हनले!"

मी त्यांची भाजलेली बोटं तांब्यातल्या पाण्यात धरली. तोंडाकडं बघितलं. ते माझ्या खांद्यावरून काट्याकडं बघत होते. काटा खाली आला तशी नजर विझली, हात पुन्हा पिठाच्या गोळ्यासारखा झाला. वाटलं होतं, माझ्या आत काहीतरी हलेल. हललं नाही. वर्षभर बोलले मी, आणि पहिला शब्द मिळाला दिराला.

"परमेश्वर, परत पेटव."

"परत? थोडक्या शिव्या खाल्ल्या का मी?"

"तू नगं खाऊस. तू कात्री घिऊन जवळ उभा ऱ्हा. या बारीला नाडा मी बांधते."