बोटांतला उशीर

रेसच्या मैदानावर त्याला सगळे टिचकी म्हणत. टिचकी वाजायच्या आत याची गाडी सुटलेली असते अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा काही कमी नव्हता. ड्रॅग रेसमध्ये वळणं नाहीत की चढ नाहीत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, खांबावरचे पिवळे दिवे वरून खाली पेटत येतात, हिरवा लागला की सुटायचं. अर्धी रेस त्या सुटण्यातच संपते.

म्हणून त्याने घरी सरावाची पेटी आणली होती. तिच्यावर तसेच छोटे दिवे, आणि वायरीला दोन बटणं, दोघांसाठी. बटण दाबून धरायचं, हिरव्याला सोडायचं. किती उशीर झाला त्याचा आकडा पेटी दाखवते. आकडा जितका लहान तितका माणूस चपळ. पेटीने जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं तेव्हा बायकोने नाक मुरडलं, पण एकदा मटार सोलता सोलता तिने सहज दुसरं बटण उचललं. तिचा आकडा नवऱ्यापेक्षा लहान आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ती बोलत होती, दिव्यांकडे धड बघतही नव्हती.

ती दवाखान्यात नर्स होती. ज्याची शीर सापडत नाही असा पेशंट आला की सगळे तिलाच हाक मारत. टिचकीने हसून कौतुक केलं खरं, पण त्याला ते चांगलंच झोंबलं. मैदानावर हे कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पेटीच्या मागे प्रत्येक बटणाची एक छोटी चकती असते. गाडी सुटायला स्वतःचा वेळ घेते, तो धरून आकडा तेवढा वाढवायची ती सोय. एका दुपारी टिचकीने तिच्या बटणाची चकती फिरवली. जराशीच. त्या संध्याकाळी तो जिंकला, आणि मग रोजच जिंकत राहिला. "वय झालं हं तुझं," असं वर चिडवायचाही. एकदम फरक पडला तर संशय येईल, म्हणून अधूनमधून तो चकती आणखी एक घर पुढे सरकवी.

माणूस तसा वाईट नव्हता हो. शेजाऱ्यांच्या गाड्या फुकटात दुरुस्त करून द्यायचा. पण आपल्याच टेबलावर, मटार सोलणाऱ्या बायकोकडून हरणं त्याला पचेना.

हळूहळू ती टेबलापाशी यायचं टाळू लागली. सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहून ती अंगठा एकेका बोटाला टेकवत असे. त्याने ते पाहिलं होतं. हरल्याचा राग असेल, अशी त्याने समजूत करून घेतली. ती सोयीची होती.

मग एका संध्याकाळी ती कामावरून आली, पर्स खुर्चीला अडकवली आणि उभ्यानेच म्हणाली, "उद्यापासून मी नोंदणीच्या खिडकीवर बसणार. मोठ्या सिस्टरांना मीच सांगितलं."

त्याने कारण विचारलं.

"बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी हात मंदावले, शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा. कंप नंतर आला. तुमच्या पेटीत रोज दिसतंय की. या हातांनी मी कुणाला सुई टोचू?" मग ती म्हणाली, "आणि स्वयंपाक थोडा थोडा शिकून घ्या. पुढे लागेल."

सासऱ्यांना शेवटी शेवटी पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागे, आणि पाजायची हीच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं टिचकीला झालं. आणि तरीही, लाज वाटावी ती गोष्ट पुढेच आहे. त्याच्या मनात आलं, गुपचूप चकती मागे घ्यावी. आकडे सुधारतील, ती खूश होईल, कुणाला काही कळायचं नाही. हात पेटीकडे गेलाही.

"राहू द्या आज," ती म्हणाली. "मला नाही बघवत तो आकडा."

त्याचा हात तिथेच थांबला. "तुझ्या हातांना काही झालेलं नाही. मी चकती फिरवत होतो. तू जिंकत होतीस म्हणून."

पेटी ओढून तिने उलटी केली, आपली चकती स्वतः शून्यावर आणली आणि बटण धरलं. पिवळे दिवे उतरत आले, हिरवा लागला. आकडा पहिल्या दिवसाइतकाच लहान होता. तिने पुन्हा करून पाहिलं. मग ती खुर्चीत बसली आणि मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली, हरवलेली वस्तू कुणी परत आणून द्यावी तशी.

तिने आरडाओरडा करावा, असं त्याला फार वाटत होतं. तिने तो केला नाही. वर न बघताच तिने विचारलं, "आणि तुमचे आकडे? त्यांनाही हात लावला होता?"

या उत्तराला त्याला फार उशीर लागला.

"नाही," टिचकी म्हणाला. "माझे खरे होते."