मुद्दाम चुकवलेला अमोनिया

जयंतने अमोनिया मुद्दाम चुकवला. सेक्टर ३४ मधल्या कोचिंगमध्ये बावीस वर्षं रसायनशास्त्रातलं हायब्रिडायझेशन शिकवणारा माणूस कॅमेऱ्यासमोर नायट्रोजनभोवती तीन हायड्रोजन काढतो, खाली 'एसपी-टू' लिहितो आणि रेणू सपाट आहे असं सांगून मोकळा होतो, हे चुकून होणं शक्यच नव्हतं. नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची आणखी एक जोडी असते. ती कुणाशी बंध जोडत नाही, पण जागा अडवतेच. तिला धरून चार जोड्या मोजल्या की उत्तर 'एसपी-थ्री' येतं. नवखी मुलं तिला हमखास विसरतात.

हा सगळा खटाटोप ज्ञानदासाठी होता. ज्ञानदा त्याची मुलगी. शैलजाशी घटस्फोट झाल्यापासून मायलेकी पंचकुल्याला राहत होत्या आणि हा खरड गावातल्या फ्लॅटवर एकटा. दीड वर्षात पोरीने त्याचा एकही फोन उचलला नव्हता. आणि गेल्या महिन्यात ऑनलाइन बॅचच्या यादीत तिचं नाव दिसलं. लहानपणी जेवताना तो असंच काहीतरी चुकीचं ठोकून द्यायचा आणि ती भरल्या ताटावरून उठून 'बाबा, गलत, गलत' म्हणत नाचायची. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदीच. एकदा गळ टाकून बघू, असं त्याच्या मनाने घेतलं.

गळाला भलतेच मासे लागले. दुपारपर्यंत एक्केचाळीस मुलांनी मेसेज करून चूक पकडली, त्यांत ज्ञानदा नव्हती. बॅच सांभाळणाऱ्या शालिनी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जयंतजी, ये क्या हो गया? चार बजे तक ठीक कर दीजिए."

"पक्का," तो म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. पन्नाशीला आलेल्या माणसाने हा काय पोरखेळ मांडलाय, असं त्याचं त्यालाच वाटत होतं. तरी फोन काही खाली ठेववेना.

पावणेचारला तिचं नाव उमटलं.

'सर, अमोनिया एसपी-थ्री है. आपने जान-बूझकर गलत किया है. प्लीज मत किया कीजिए. जिन बच्चों ने नहीं पकड़ा, वो पेपर में यही लिखके आएँगे.'

त्याने ते तीनदा वाचलं. तिने ओळखलं म्हणून आधी आनंदच झाला, अगदी वेड्यासारखा. मग तो 'सर' दिसला, तो 'आप' दिसला, आणि 'बाबा' कुठेच नव्हतं. शिवाय तिचं खरंच होतं. लेक्चर दोनशे मुलांनी पाहिलं होतं. उरलेल्या दीडेकशे जणांनी सरांवर विश्वास ठेवून ते वहीत उतरवलं असणार, आणि त्यांच्यातल्या एकाचाही विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

तो स्टुडिओत गेला. अमोनिया नीट काढला, ती चौथी जोडी ठळक दाखवली, आणि गलती मेरी थी, असं सरळ सांगून टाकलं. चूक पकडणाऱ्यांची नावं तो नेहमी वाचून दाखवायचा. आजही वाचली, एक्केचाळीस. बेचाळिसावं ओठांवर आलं होतं, पण घेतलं नाही. सगळ्यांसमोर घेतलेलं तिला आवडलं नसतं. लेकीबद्दल एवढं तरी त्याला अजून ठाऊक होतं.