पाठ असलेलं माप

"मावशींच्या पिशवीला आतून खिसा लावा हं," बायको आतून म्हणाली. "त्यांच्या चाव्या सारख्या हरवतात."

मास्तरांनी मशीन थांबवलं. कोणाच्या चाव्या कुठे हरवतात ते आपल्या बायकोला बरोब्बर ठाऊक, आणि आपल्याला सकाळपासून चष्मा सापडत नाही याची कोणाला दखल नाही. चष्मा कपाळावर होता, ही गोष्ट वेगळी.

"खिसा लावतो. झालर पण लावू का?"

"लावलीत तर बरंच होईल."

तिला टोमणा कळला नाही, किंवा कळूनही तिने तो गिळला. मास्तरांनी खिसा कापायला घेतला. पंचवीस वर्षं बायकांचे कपडे शिवणारा हा माणूस आज पिशव्या शिवत बसला होता, आणि त्याही कोणासाठी, तर ज्यांच्या नावाने त्याच्या पोटात दुखत होतं त्यांच्यासाठी.

बायकोचे कॅन्सरचे उपचार संपून महिना झाला होता. आधी ऑपरेशन, मग केमोच्या सहा फेऱ्या, मग पंचवीस दिवस रेडिएशनच्या मशीनखालचा शेक. डॉक्टरांनी "आता तीन महिन्यांनी या" म्हटलं, आणि घरी येता येताच तिने ठरवलं, ज्यांनी आपलं केलं त्यांना चहाला बोलवायचं आणि आभार मानायचे. मास्तरांना वाटलं, बोलावणं नात्यातल्यांना असेल. तर यादी निघाली शेजारणीची, टॅक्सीवाल्याची आणि वॉर्डातल्या आयाची, जिला सगळे मावशी म्हणत. प्रत्येकाला मास्तरांच्या हातची एकेक पिशवी. कापडं तिने स्वतः निवडली, आणि तीही चांगली.

"आणि आम्ही?" मास्तरांनी आदल्या दिवशी हसत हसत विचारलं होतं.

"घरच्यांचे कसले आभार? परकं करू का तुम्हाला?"

तेव्हा मास्तर हसले. पण रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून रांगेत उभं राहिलं कोण? उलट्यांची बादली धुतली कोणी? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. आणि एवढं करून बायकोने आपल्यापाशी दुखणं म्हणून कधी काढलं नाही. कधीही विचारा, उत्तर एकच: "बरी आहे."

चारला पाहुणे आले. बायको नवा निळा ड्रेस घालून बाहेर आली आणि मास्तरांची छाती फुगली. तो त्यांनीच शिवला होता. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी दवाखान्यात नेऊन दिला होता, न सांगता, तिला आनंद व्हावा म्हणून. त्यासाठी तिचं माप घ्यायचा प्रश्नच नव्हता. "बायकोच्या अंगाला मी कधी टेप लावलेला नाही, तिचं माप मला पाठ आहे," असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि ती लाजून आत जाई. त्या दिवशी तिने ड्रेस बराच वेळ हातात धरला होता. "छान झालाय हो," म्हणाली होती. पण इतक्या महिन्यांत अंगाला काही लावला नव्हता. आज घातला, आणि बसला पण कसा, जिथल्या तिथे!

चहा झाला. टॅक्सीवाल्याला पिशवी देताना ती म्हणाली, "दादा, तुमच्या गाडीत मी जेवढी रडले तेवढी जन्मात रडले नसेन."

"अहो ताई, त्यात काय," तो ओशाळून म्हणाला. मग मास्तरांकडे वळला. "ताई बसल्या की मी विचारायचो, आज गाणी की रडणं? रडणं म्हणाल्या की लांबच्या रस्त्याने घ्यायचो. घरी पोचेपर्यंत डोळे कोरडे व्हायला नकोत का?"

मास्तरांनी मान हलवली. शेकाचे ते पंचवीस दिवस ते दुकानात होते. ती रोज हसतमुखाने घरात शिरायची.

शेजारणीची पाळी आली. केस गळायला लागले तेव्हा तिने आपल्या न्हाणीघरात बसवून हिचं डोकं भादरलं होतं. "आणि मग दोघी आरशात बघून इतक्या हसलो, इतक्या हसलो, की माझी सासू धावत आली," शेजारीण म्हणाली.

"मला तर पार्लरमध्ये केलं म्हणाली होती," मास्तर म्हणाले. त्यांनी उगाचच एक बिस्कीट घेतलं.

मग बायको मावशींना पिशवी द्यायला वाकली, आणि मास्तरांना ड्रेसची डावी बाजू दिसली. छातीवरचा टक्स, फिटिंगसाठी घातलेली चुणी, उसवलेला. त्या जागी आतून काहीतरी भरलेलं आणि वरून हाताने टाके घातलेले, गोणपाट शिवावं तसे, तिरके, जाड पांढऱ्या दोऱ्याचे. निळ्या कापडाला पांढरा दोरा! मास्तरांची कानशिलं तापली. त्यांच्या शिलाईला आजवर परका हात लागला नव्हता.

"हे कोणी केलं?"

बायकोने चटकन दंड अंगाशी आवळला.

"मी केलं, मास्तर," मावशी म्हणाल्या. "तुमच्या हातापुढे ते काय दिसणार. पण बाई तो ड्रेस पोटाशी धरून रडत होत्या. एक बाजू रिकामी लोंबत होती ना. मग ड्युटी संपल्यावर दोघी चादरींच्या खोलीत बसलो. दोरा वॉर्डातलाच."

"माप कसं घेतलंत?"

"मला कुठं टेप कळतो? हात ठेवला आणि अंदाजाने टाका घातला."

हात ठेवला. मास्तरांना पुढचं फारसं ऐकू आलं नाही. बायको काहीतरी गोड बोलली, मावशींनी डोळे पुसले, खिसा पाहून खूश झाल्या. मास्तर दारापर्यंत सोडायला गेले आणि तिघांशी चांगलं वागले. टॅक्सीवाल्याचा हात त्यांनी जरा जोरात दाबला, एवढंच.

दार लावून ते वळले.

"गावभर वाटलंस. एकाला रडणं, एकीला केस, आणि तिला..." त्यांना तो शब्द उच्चारता येईना. "मला काय? बरी आहे! मी काय कोणी वाटसरू होतो का?"

"हळू बोला. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे. त्यांना सगळं ठाऊकच आहे. मलाच तेवढं नाही."

ती कप गोळा करत होती, ते तिने खाली ठेवले. "तुम्ही हा ड्रेस आणलात तेव्हा माझे टाकेसुद्धा निघाले नव्हते. आणि शिवलात तो जुन्या मापाचा."

"मला दाखवायचं होतं की काही बदललेलं नाही."

"बदललं होतं ना पण." ती खुर्चीत बसली. "मी म्हटलं, यांना बघायचं नाही. जुनीच हवी आहे. मग म्हटलं, असू दे, यांच्यासमोर तरी जुनीच राहू."

मास्तर उभेच राहिले. आठ महिन्यांत एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं, दाखव म्हणून. तिला लाज वाटेल म्हणून, असं ते स्वतःला सांगत आले होते. लाज कोणाला वाटत होती, ते त्यांना आज कळलं.

"घरच्यांचे आभार मानायचे नसतात म्हणालीस," ते म्हणाले. "मग मला परकं कर. त्या तिघांइतकं तरी."

ती कप एकात एक ठेवू लागली.

"हा ड्रेस काढून दे. उसवून नीट करून देतो."

"हा नाही उसवायचा. त्या बाईने दिवसभर राबून मग शिवलाय. दुसरा शिवा."

"शिवतो. उद्या संध्याकाळपर्यंत देतो."

"आणि माप?"

"ते मला..." मास्तर बोलता बोलता थांबले.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही पाठ तुम्हाला."

ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. पंचवीस वर्षं परक्या बायांना म्हणत आले तेच तोंडातून आलं.

"हात जरा वर घ्या, बाई."

तिने हात वर केले. उजवा पूर्ण वर गेला. डावा खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मास्तर वाट बघत राहिले.

"एवढाच जातो," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे कधीच खाली आले होते. ते त्यांनी रोज पाहिले होते. बायकोला जागा बदलायची हौस, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं.

"राहू दे तेवढाच," मास्तर म्हणाले, आणि टेप घेऊन तिच्या हाताखाली वाकले.