बोलेल त्याने करायचं

आमच्या संस्थेच्या घटनेत बावीस कलमं आहेत, पण लोकांना पाठ आहे ते एकच, आणि ते घटनेत लिहिलेलंच नाही: बोलेल त्याने करायचं. सभेत एखादी सूचना केलीत की ती तुमच्या गळ्यात. रस्त्याकडेला झाडं लावा म्हणालात, तर खड्डे तुम्ही खणायचे. हा नियम सरांनी आणि मी एकोणीस वर्षांपूर्वी केला, लोकांच्या नुसत्या बडबडीला कंटाळून. तेव्हा आम्हाला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं. लोक जबाबदारीने बोलतील असा आमचा अंदाज. लोक बोलायचेच बंद झाले.

सर म्हणजे आमचे अध्यक्ष. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आता अठ्ठ्याहत्तरीचे, एकाच कानाने ऐकणारे. मी सचिव. आम्ही चार रस्ते आणि एक मोकळी जागा सांभाळतो. घराघरांतला ओला कचरा त्या जागेत आणून त्याचं खत करायचं, त्यावर भाजीचे वाफे लावायचे, महिन्यातून एकदा मोडक्या वस्तू दुरुस्त करायची दुपार, आणि पाणी, दिवे, फुटपाथ यांवरून नगरपालिकेशी वर्षभर भांडण. ‘नागरिकांच्या सहभागातून’ असं आमच्या पाटीवर लिहिलंय. पाटी मी रंगवली आहे. आधी आमच्या रस्त्यावरच्या वायरमनने रंगवली होती, पण त्याची ओळ उतरती गेली होती, म्हणून एका दुपारी मी ती पुसून पुन्हा रंगवली.

मी दमले आहे, हे सरळ सांगून टाकते. गुडघे दुखतात, पाठ धरते, ते तर या वयात सगळ्यांचंच. पण हे दमणं वेगळं. फोन वाजला की आधी राग येतो, आणि मग कोणाचा आहे ते मी बघते.

आणि अक्का आहे. माझी थोरली बहीण, दुसऱ्या गावात एकटी राहते, बसने सहा तास. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आता काठी धरून चालते. मी इथे एकटी, ती तिथे एकटी, म्हणून मी तिला शब्द दिला होता की हे पद सोडलं की तुझ्याकडे येऊन राहते. तीन महिने तिने रोज विचारलं, कधी येतेस? हल्ली विचारत नाही. “तुझ्या लष्कराच्या भाकऱ्या काही संपायच्या नाहीत,” एवढंच म्हणते, तेही न चिडता. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

सोडायचं तर सोडावं, अडवलंय कोणी, असं तुम्ही म्हणाल. त्या मोकळ्या जागेने अडवलंय. ती नगरपालिकेची आहे. दरवर्षी या महिन्याच्या अखेरीला सात जणांच्या कार्यकारिणीची यादी सह्यांनिशी द्यावी लागते, आणि त्यात सचिव हवाच. यादी गेली नाही तर जागा परत, आणि तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार, हे तिथल्या साहेबांनी मला नकाशा पसरून दाखवलंय. ती माती आम्ही पंधरा वर्षं मुरवली आहे. नवा सचिव शोधा, असं मी गेल्या तीनही वार्षिक सभांत म्हणाले. पण बोलेल त्याने करायचं ना! म्हणजे शोधायचाही मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

यंदा मात्र मी ठरवूनच गेले होते. माणसं पुढे येत नाहीत त्याला तो नियमच कारणीभूत आहे, अशी माझी खात्री झाली होती. केला होता आम्ही, मोडायचाही आम्हीच.

सभा रविवारी सकाळी दहाला, जुन्या पंपघरात. पंप केव्हाच उचलून नेलेत, पण जमिनीत त्यांचे चार बोल्ट राहिलेत, आणि त्यांना ठेचकाळतो तो नवा माणूस, अशी आमची खूण. यंदा कोणीच ठेचकाळलं नाही. चाळीस खुर्च्या मांडल्या, अकरा भरल्या. मागे भिंतीलगतच्या खुर्चीत वायरमन. दाराजवळ, निघायला सोपं म्हणून, दवाखान्यातल्या सिस्टर. दुसऱ्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या काकू. वयाने माझ्याएवढ्याच, पण सगळ्या जगाच्या काकू. त्यांना सभेत एक शब्द बोलताना मी कधी ऐकलेलं नाही.

सरांनी अहवाल वाचला. मग मी उभी राहिले.

“मी यंदा सचिव राहणार नाही,” मी म्हणाले. “माझ्या बहिणीला माझी गरज आहे. यादी गेली नाही तर जागा जाईल, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कोण होतंय सचिव?”

सिस्टरांनी घड्याळ बघितलं, वायरमनने छताकडे. 

“बरं. मग ऐका. बोलेल त्याने करायचं, हा नियम आजपासून रद्द. मनात असेल ते बोला, कोणाच्या गळ्यात काही पडणार नाही.”

सरांनी चांगला कान माझ्याकडे वळवला. “रद्द? असं काही ठरलं नव्हतं आपलं.”

“मी आत्ता ठरवलं, सर.”

“असं का? बरं,” सर म्हणाले.

मी बसणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, “मी बोलू का?”

“बोला ना, काकू!”

“नियमाला कोण घाबरतंय, ताई? काम करायला माझी कधीच ना नव्हती. दर मंगळवारी खताचा ढीग वरखाली करायचं काम मी मागून घेतलं. आठ वर्षं झाली.”

“हो, आणि नेमाने करता तुम्ही.”

“मग बुधवारी येऊन तुम्ही तो परत का करता?”

हे कोणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. “तुमचं फावडं तळापर्यंत जात नाही,” मी म्हणाले. “खालचं तसंच राहतं, मग वास येतो.”

“जात नसेल. मग सांगायचं होतं. आठ वर्षांत एकदा तरी म्हणायचं, काकू, जरा खालपर्यंत घाला. पहिल्यांदा बघितलं ना, तेव्हा मी कुंपणाबाहेर उभी होते. घरी जाऊन रडले. मग सवय झाली.”

“माझी पाटी,” मागून वायरमन म्हणाला. एवढंच.

सिस्टरांनाही जोर आला. “डासांबद्दलचं पत्र मी लिहिलं होतं. छान झालंय म्हणालात, आणि गेलं ते दुसरंच. त्यात माझं एक वाक्य नव्हतं.”

“तारीख चुकली होती त्यात!”

“मग मला परत द्यायचं. मी दुरुस्त केलं असतं.”

मला संताप आला. लाज नंतर वाटली, आधी संतापच. एकोणीस वर्षं यांच्यासाठी उन्हातान्हात खेटे घातले, आणि आता ही मंडळी माझ्या चुका काढतात! मी सरांकडे बघितलं. म्हटलं, हा माणूस तरी बोलेल.

“सर, तुम्ही सांगा ना यांना.”

सर चष्मा पुसत होते. “मला तर तुम्ही दोन वाक्यांचे आभारसुद्धा लिहून देता,” ते म्हणाले. “मी वाचतो. भांडायचा कंटाळा येतो हो मला.” ते हे अगदी मऊ आवाजात म्हणाले. हा माणूस माझ्यासारखाच दमला होता, आणि मी त्याला दमवलं होतं.

“मी होते सचिव,” काकू म्हणाल्या. “पण माझी एक अट आहे. वर्षभर तुम्ही इकडे फिरकायचं नाही. ढिगाकडे नाही, सभेला नाही. बहिणीकडे जाताय ना, खुशाल जा. पण तिथून फोनवर चालवायचं नाही.”

तीन वर्षं मी हेच तर मागत होते. ते मिळालं, आणि माझ्या शंका सुरू झाल्या. नगरपालिकेच्या साहेबांना कधी गाठायचं हे हिला काय माहीत? यादी वेळेत जाईल का? आणि त्यापाठोपाठ जे मनात आलं ते सांगायला जीभ रेटत नाही. वाटलं, यादी जाऊच नये. जागा गेली की यांना कळेल मी काय करत होते ते. ज्या मातीसाठी मी सख्ख्या बहिणीला ताटकळत ठेवलं, ती माती जावी असं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

सरांनी ठराव अटीसकट मांडला. हात मोजायचं काम सचिवाचं असतं. वायरमन, सिस्टर, काकू स्वतः, मग बाकीचे. अकरा. सरांचा हात माझ्याकडे न बघता खांद्याइतकाच वर आला, तो बारावा. मी जरा थांबले. कोणीतरी म्हणेल, अहो ताई, अधूनमधून येत जा. निदान सर म्हणतील. कोणी म्हणालं नाही, आणि हातही कोणी खाली घेतला नाही. सिस्टरांनी अवघडलेल्या हाताला दुसऱ्या हाताने आधार दिला. तेव्हा मी माझा हात वर केला आणि म्हणाले, “तेरा. एकमताने.”

यादीवर सह्या तिथेच झाल्या. काकूंनी ती पिशवीत घातली आणि उद्या सकाळी देते म्हणाल्या. ऑफिस उघडायच्या आधीच जाऊन उभ्या राहा, हे माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं.

घरी येऊन अक्काला फोन लावला.

“मी येतेय,” म्हटलं. “राहायलाच.”

ती म्हणाली, “काढलं का गं तुला?”

“हो.”

“बरं झालं बाई,” अक्का म्हणाली. “नाहीतर तू कुठली यायला!”