उपटलेलं पीस

आमच्या सिंधूची नजर माणसांवर कमी आणि कोंबड्यांच्या पिसांवर जास्त. कन्हानच्या आमच्या अंगणात आठ वर्षं खपून तिनं तांबड्या कोंबड्यांचा असा कळप उभा केलाय, की मानेपासून शेपटीपर्यंत एकच रंग. दर रविवारी एकेक पक्षी मांडीवर घेते, फुंकर मारून पिसं उलगडते आणि पार मुळापर्यंत बघते. वेगळ्या रंगाचं एक पीस निघालं की पक्षी नापास. त्या पाहणीत नवऱ्यालाही जागा नाही. नापास झालेले मी खायचे, एवढाच माझा हातभार.

यंदा नागपूरच्या प्रदर्शनात तिचा कोंबडा पहिला यावा म्हणून माझाच जीव टांगणीला लागला होता. आदल्या रविवारी सिंधू तापानं पडून होती, पाहणी राहून गेली होती. निघायच्या सकाळी कोंबड्याचे पाय धुताना मला पंखाखाली एक बारीक पांढरं पीस दिसलं. सिंधू पिंजरा पुसत होती. मी ते पटकन उपटलं आणि नालीत टाकलं. वर स्वतःवर खूशही झालो.

कोंबडा पहिला आला. नागपुरातल्या नंदनवनचा जितेंद्र स्वतः कोंबड्या पाळतो. तो तर पिंजऱ्यापासून हलेना. "ताई, रंग म्हणावं तर असा!"

"आता पुढची सगळी पिल्लं याचीच घेईन मी," सिंधू म्हणाली. तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मला राहवेना. तिथंच सगळं सांगून टाकलं.

तिनं पंख उचलून रिकामी जागा पाहिली आणि परीक्षकांकडे जाऊन कप टेबलावर ठेवला.

मी भडकलो. "एका पिसासाठी कप काहून वापस केला वं?"

"कपाचं सोडा जी. उपटलेल्या जागी कधी कधी पांढरंच पीस येते. आता ते आलं, तर याच्या रक्तातलं का तुमच्या हातचं, मले कसं समजन?"

मी काय करून बसलो ते तेव्हा कळलं. मान वर करवेना.

घरी आल्यावर तिनं कोंबड्याला पाच कोंबड्यांसोबत वेगळं ठेवलं. "याची पिल्लंच सांगतीन. ते तुम्हीच वाढवा."

एकवीस पिल्लं झाली. पाच महिने दाणापाणी, साफसफाई, सगळं मी केलं. पिसं पुरी भरल्यावर फुंकर मारायला बसलो. वीस पक्षी निखळ तांबडे. एकविसाव्या तलंगीच्या, कोवळ्या कोंबडीच्या, पंखाखाली, अगदी त्याच जागी, पांढरं पीस. अंगणात कोणी नव्हतं. बोटं आपसूक तिकडे गेली.

"सिंधू, ये वं!" मी ओरडलो. "एक निघालं."

ती आली. पीस बोटावर घेऊन बराच वेळ पाहत राहिली. आठ वर्षांत तिनं कितीदा असं मन घट्ट केलं असेल! मी मात्र मिटक्या मारत जेवत होतो. इतकं खरं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

"कोंबडा बाद," ती म्हणाली.

मग मूळ कळपातली तिची सगळ्यात लाडकी कोंबडी आणून तिनं माझ्या मांडीवर ठेवली. "रविवारपासून ह्या बी तुम्हीच पाहा."