किमतीच्या लेबलासकट स्थळ

धाकट्या मालकांचं स्थळ सांगून आलं आणि तिच्या आईला आकाश ठेंगणं झालं. फर्निचरची तीन दुकानं, वर बंगला! त्यातल्याच एका दुकानात ती गिऱ्हाइकांना पलंग-कपाटं दाखवायची. तिचा जीव मागच्या शेडमधल्या पॉलिशवाल्यावर जडला होता, हे आईला चांगलं ठाऊक होतं. "त्याच्याकडे आहे काय?" आई म्हणाली. "निदान घर तरी बघून घे."

बघितलं. दिवाणखान्याचा थाट तर असा, की बघत राहावं. पण सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलंच नव्हतं. दोघी बसल्या आणि कर्रकर्र आवाज झाला. किमतीचं लेबलही जागच्या जागी.

"आमच्याकडे सगळं दुकानातलंच असतं," धाकटे मालक कौतुकाने म्हणाले. "सहा महिने वापरायचं, मग दुकानात नेऊन नवं म्हणून विकायचं. जपून बसायचं तेवढं."

"पलंगसुद्धा?" तिने विचारलं.

"तर! गादीसकट."

अगंबाई! म्हणजे हिने 'कोरा करकरीत' म्हणून लोकांच्या गळ्यात मारलेल्या पलंगांवर हा गृहस्थ आधी घोरून उठला होता. आणि म्हणे श्रीमंत! स्वतःच्या घरात अंग चोरून राहणारा माणूस बायकोला काय सुखाने बसू देणार? आई मात्र हसऱ्या चेहऱ्याने, अगदी कडेला टेकून बसली होती. तिला आईची कीव आली.

"मला नाही जमायचं," ती सरळ म्हणाली आणि उठली.

"गादीसकट विकतात म्हणे!" आई वाटेत पुटपुटली. घराशी आईला सोडून ती तडक शेडमध्ये गेली. पॉलिशवाला कपाटाचं दार घासत होता. मान वर न करता म्हणाला, "अभिनंदन. मी मन मोठं केलंय. तू सुखी राहा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मन मोठं? मला विचारलंस? त्या चिकटोबाने निदान मागणी तरी घातली! तू वर्षभर नुसत्या गप्पा मारल्यास, आणि आता त्यागाचं सोंग आणतोस?"

"तिकडे पैसा आहे गं."

"नकार देऊन आलेय मी. नोकरीही गेलीच समज."

त्याच्या हातातला पॉलिशपेपर गळून पडला. "मग... जाऊ नकोस," तो पुटपुटला.

"वा! आता सुचलं! चल, आईसमोर बोल."

तो हात पुसायला फडकं शोधू लागला.

"हात राहू देत. तोंड चालतंय ना?"

आईने दार उघडलं. तो पळाला नाही. "मावशी, ही माझ्याशी लग्न करेल का, ते विचारायला आलोय."

आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मला काय विचारतोस, गाढवा? ती तुझ्या मागे उभी आहे."

तो वळला. कानापर्यंत लाल होऊन त्याने तिला विचारलं.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "जरा मोठ्याने."