कोरडी परात

मी प्रार्थनाघरातली पाय धुण्याची परात बोलतेय.

कोरियात देवाचं वचन शिकून आयझिरेक तलासच्या डोंगरखोऱ्यातल्या आमच्या गावी परत आली. तिला वाटलं होतं, प्रार्थनाघर माणसांनी भरलेलं असेल, गाणं रस्त्यापर्यंत ऐकू येत असेल आणि दारात आई उभी असेल. प्रत्यक्षात होती विझलेली शेगडी, बाकावर मंडळीतल्या दोघी बायका, बुरुल मावशी आणि सायरा काकू, दारामागे खिळ्याला टांगलेली मी. आई वसंतातच गेली होती. शिक्षण अर्धवट टाकून मुलगी पळत येईल म्हणून सायरा काकूने तिला कळवलंच नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्यावर पांढरा मुलामा, कडेला निळी रेघ. इथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या जर्मन कुटुंबांनी मला प्रार्थनाघरासाठी आणलं. येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही असंच करा म्हणून सांगितलं, ते या लोकांनी जसंच्या तसं धरलं. प्रभुभोजनाची भाकर मोडण्याआधी ज्यांचं वाकडं असेल त्यांनी माझ्यात एकमेकांचे पाय धुवायचे. एक जोडी जरी राहिली तरी भाकर कोणालाच नाही.

पुढे ती कुटुंबं जर्मनीला गेली. पेटाऱ्यांत घड्याळं गेली, रजया गेल्या. मी मागे राहिले. जाताना त्यांनी मला बुरुल मावशीच्या हाती दिलं आणि मावशीने माझ्याबरोबर तो नेमही घेतला.

आयझिरेकचं देवावर प्रेम होतं, यात खोट नव्हती. ती डोळे मिटून, हात उंचावून गायची, तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहायचं. माझ्यात मात्र थेंब पडत नव्हता. दर रविवारी सायरा काकू मोजे काढून बसायची. आयझिरेक तिच्याकडे पाहायची नाही. काकू मोजे चढवून निघून जायची. भाकर फडक्यात तशीच राहायची.

"एवढं शिकलीस आणि पाणी तापवायला विसरलीस काय ग?" एकदा मावशी म्हणाली.

"माझं मन देवाला दिसतं, मावशी. मध्ये परात कशाला?"

"तुझं प्रेम आम्हालाही ऐकू येतं. शेजारच्यांच्या मेंढ्यांनाही येतं. पण त्याने सांगितलेलं एवढंसं काम राहिलंय."

"राग गेला की धुवेन."

"राग गेल्यावर धुवा, असं कुठे म्हणाला तो?"

 तरीही मला खिळ्यावरून कोणी काढलं नाही.

हिवाळा आला. भिंतीकडे तोंड करून मी लटकत होते. माणसं दारातून आत येत, बाहेर जात. दार उघडलं की मी त्याच्यामागे झाकली जाई. माणसांत असूनही आपली गरज कोणाला नसावी, हे फार गार वाटतं.

त्या रविवारीही काकूने मोजे काढले. राजम्याच्या शेतात झिजलेले तिचे पाय सुजले होते, टाचांना भेगा होत्या. आयझिरेक गात होती. काकू मोजा परत चढवायला वाकली, पण तिची बोटं वळेनात. शेवटी बुरुल मावशी, जिला स्वतःला काठीशिवाय उठवत नाही, ती जमिनीवर बसली आणि तिने काकूच्या पायात मोजा चढवला. मावशीची काठी जमिनीवर घासल्याचा आवाज आला म्हणून आयझिरेकने डोळे उघडले. गाणं मध्येच तुटलं. ते तिने पुन्हा सुरू केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती एकटी आली. तिने मला खिळ्यावरून काढलं, ओढणीच्या टोकाने माझी धूळ पुसली आणि काखेत मारून बर्फातून निघाली. 

सायरा काकूने दार उघडलं. मला पाहून ती वाट देत आत सरली. चुलीवर किटली होतीच.

"माझ्या मनातून अजून काही गेलेलं नाही, काकू," आयझिरेक म्हणाली. "त्याने सांगितलंय म्हणून आलेय. पाय द्या."

काकू मोजे काढायला वाकली. आयझिरेकने तिचा हात बाजूला केला आणि ते स्वतः काढले.

मी आता जुनी झालेय. मुलामा उडालाय, रेघ पुसट झालीय. मला घासूनपुसून जपून ठेवू नका. माझ्या पाण्यात कोणाचे पाय उतरतात आणि धुणाऱ्याला तो माणूस आवडतो की नाही, हे मी कधी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका. फक्त मला कोरडी ठेवू नका.